टेपचे कापलेले दोन इंच

वन्सं, तुमची मापांची वही मी उघडली आहे. तुम्ही असताना तिला कधी हात लावला नव्हता. आता विचारायला तुम्ही नाही, म्हणून न विचारताच उघडली आणि मागच्या कोऱ्या पानांवर लिहायला बसले. चौथीनंतर मी किराण्याच्या याद्या लिहिल्या, आणि तेजू हॉस्टेलवर होती तेव्हा तिला पत्रं. ती पत्रंसुद्धा तुम्ही ऱ्हस्व-दीर्घ नीट करून द्यायच्या. हे तपासायला कोणी नाही. असेल तसं असू द्या.

तेरावं झालं. साताऱ्याहून आलेले पाहुणे परत गेले. तुमचा भाऊ गोदामात कामावर जायला लागला. तेजू बाळाला घेऊन पुण्याला गेली, जाताना म्हणाली, "आई, तू आता नुसती झोप." झोप कुठे येते? सोमवार, बुधवार, शुक्रवार मला अजून पाचला जाग येते. तुमच्या डायलिसिसचे दिवस. उठून बसते, पाय चपलेत घालते आणि मग लक्षात येतं की कुठे जायचं नाही. पिशवी खिळ्याला तशीच आहे. आत चादर, फाईल, तुमची पाण्याची मापाची छोटी बाटली. ती काढून ठेवायचंही अंगावर येतं. दमायला कारण उरलं नाही, तरी मी दमलेलीच आहे.

मला तुम्हाला एक सांगायचं आहे. त्याच्यासाठीच वही उघडली. पण एकदम नाही जमणार. तुम्हाला माहीत आहे माझं.

आधी खांद्यांचं सांगते. खांदे अजून दुखतात. वर्षभर मी म्हणत होते, पिशवीने दुखतात, जिने चढून दुखतात, तुम्हाला धरून रिक्षातून उतरवताना दुखतात. तुम्ही चार तास नळ्या लावून पडलेल्या, डोळे मिटलेले, तरी म्हणायच्या,

"पिशवीने नाही. तुझ्या अडतीसने दुखतात."

"हळू बोला ना वन्सं."

"मराठीत बोलतेय. इथे कोणाला कळतंय? तुझी खालची पट्टी ढिली, म्हणून सगळा भार खांद्यांवर. भार खालच्या पट्टीने उचलायचा असतो. खांद्याच्या पट्ट्या नुसत्या धरायला. एकदा मोजू दे मला."

"बघू पुढे."

आणि मग त्या सिस्टरकडे बघून हिंदीत, "बेटा, तुम्हारा पीछे का पट्टा ऊपर चढ़ गया है. नंबर गलत है." ती पोरगी लाजली, पण पुढच्या बुधवारी टेप घेऊन तुमच्याच खुर्चीशी आली. मीच खाली बघत बसले होते.

माझ्या अडतीसची गोष्ट तुम्हाला पाठ होती. आमच्या गावात शिंप्याकडे मापाचा ब्लाउज न्यायचा. जुना, बरा बसणारा. तो बघून तो नवा शिवायचा, अंगाला टेप लागायचाच नाही. तेजूच्या बारशाला मात्र मापाचा एकही ब्लाउज अंगात जाईना. तेव्हा शिंपी दाराबाहेर पाठ करून बसला, माझ्या मामीने आत साडीवरून टेप धरला आणि आकडे ओरडून सांगितले. "छाती अडतीस!" अख्ख्या गल्लीने ऐकलं असेल. मी तो आकडा लक्षात ठेवला, कारण परत कधी मोजायला लागू नये. शिंप्याचं छातीचं माप म्हणजेच आतल्या कपड्याचा नंबर, असं मला वाटायचं. मला कोणी सांगितलंच नव्हतं की तिथे दोन मापं लागतात.

तेजू तीन वर्षांची असताना आम्ही इथे आलो. दाजींची बदली कोलकात्याला झालेली, त्यांनी ओळखीने तुमच्या भावाला गोदामात लावलं. बेहालाच्या बाजारात तुम्ही मला पहिल्यांदा त्या दुकानात नेलंत. दर्शनी भागात सगळं टांगलेलं, काउंटरवर दोन पुरुष. एकाने वहिनी म्हणत विचारलं, "बोलिए बौदी, साइज?" मी पदराचं टोक चाचपत राहिले. तुम्ही कोपराने ढोसलंत. मी तुमच्या कानात सांगितलं, अडतीस. तुम्ही मला वरून खाली एकदा बघितलंत आणि म्हणालात, "शक्यच नाही." मी रडवेली झाले, तशी त्या माणसाकडून अडतीसच घेऊन दिलीत. बाहेर आल्यावर मात्र बोललात. "आज घेतली. पण एक दिवस मी तुला मोजणार."

तो एक दिवस यायला आपल्याला सव्वीस वर्षं होती, वन्सं.

दाजी गेले, तुम्ही साताऱ्याला परत गेला नाहीत, आमच्याकडे आलात. घरात बसून राहणं तुमच्या स्वभावात नव्हतं. मितालीदीने त्याच बाजारात फक्त बायकांचं दुकान काढलं, मागे पडदा लावला आणि पडद्याआड तुम्ही उभ्या राहिलात. सोळा वर्षं. मी डबा घेऊन यायची आणि पडद्याबाहेर स्टुलावर बसून ऐकायची. ऐकून ऐकून मला सगळं पाठ झालं. करायचं मात्र नव्हतं.

"आरशासमोर सरळ उभ्या राहा. ब्लाउज काढा. कपड्यावरून घेतलेलं माप कपड्याचं असतं, तुमचं नाही. पहिलं माप छातीच्या खाली, बरगडीवर. टेप पाठीमागे वर चढू द्यायचा नाही, जमिनीला समांतर. श्वास सोडा, आणि आता घट्ट. दुसरं माप सगळ्यात भरीव जागी, ते घट्ट नाही, नुसतं टेकवायचं." मग हिशेब. खालच्या मापात चार मिळवायचे, तो डब्यावरचा नंबर. वरचं माप त्या नंबराहून एक इंच जास्त असेल तर ए, दोन असेल तर बी, तीन असेल तर सी. "आणि हे नुसतं सुरुवातीला. डब्यामागे तक्ता असतो तो वाचा, कंपनीगणिक फरक पडतो. घालून बघा, वाकून घाला, हात वर करा. पट्टीखाली दोन बोटं गेली पाहिजेत, मूठ जाता कामा नये. नवीन असताना सगळ्यात बाहेरचा हुक. ताणली की मग आतला."

हे सगळं हिंदीत, मध्येच बंगाली. मराठी बायका आल्या की मराठीत, आणि मराठीत तुम्ही जास्त फटकळ व्हायच्या. बराकपूरच्या मालतीकाकू पहिल्यांदा आल्या तो दिवस आठवतो? त्यांच्या मिस्टरांची बँकेतली नोकरी तिकडे संपली आणि ते तिकडेच राहिले. काकू आत गेल्या गेल्या म्हणाल्या, "मला चौतीस लागतं हो."

"कधी लागत होतं?"

"लग्नात."

"लग्नातला शालू येतो का अजून अंगाला? मग हेच कसं येईल?"

बाहेर मी पदर तोंडात कोंबून हसत होते. काकू बेचाळीस घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बाई उद्धट आहे, पण श्वास घेता येतोय." तेव्हापासून दर सहा महिन्यांनी त्या बराकपूरहून लोकलने सियालदा, तिथून बसने बेहाला, अशा यायच्या. माप बदलतं, परत मोजावं, असं तुम्हीच सांगितलेलं.

टेपची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. तेजू पाच वर्षांची असताना बाहुलीला कमरपट्टा हवा म्हणून तिने कात्री घेतली आणि टेपचे पहिले दोन इंच कापले. मी तिला धपाटा घातला. तुम्ही तिला पोटाशी धरून म्हणालात, "बाहुलीला बसला का नीट? बसला ना? मग झालं." नवा टेप घ्यायला तुम्ही तयार नव्हता. "चांगला आहे, ताणला गेलेला नाही. मला दोन वजा करता येतात." टेप दोनापासून सुरू. आकडा वाचायचा, दोन वजा करायचे, मग वहीत लिहायचा. पडद्याआड कोणाला टेप धरायला लावलात की तुमचा शेवटचा प्रश्न ठरलेला असायचा, "दोन वजा केलेस?"

आपली दोरीवरची भांडणं तर संपलीच नाहीत. मी माझे आतले कपडे टॉवेलखाली वाळत घालायची. तुम्ही टॉवेल उचलून बाजूला टाकायच्या. इथल्या दमट हवेत टॉवेलखाली काही वाळत नाही, कुबट वास येतो, अंगाला खाज सुटते, हे खरं होतं. पण समोरच्या गॅलरीत घोषबाबू चहा पीत बसायचे.

"त्यांच्या बायकोचे पण टांगलेले आहेत बघ. तू बघितलेस का कधी? नाही ना? मग ते तुझे कशाला बघतील?"

"मला नाही आवडत, वन्सं."

"अंग तुझं आहे ना? का कुणाकडून मागून आणलंय?"

मी आत जाऊन भात टाकला. तुम्ही दुपारभर बोलला नाहीत. संध्याकाळी मी टॉवेल परत टाकला. आज वाटतं, काहीतरी बोलायला हवं होतं. आमच्या घरी परकर छातीशी बांधून अंघोळ करायची पद्धत होती, दाराला कडी असली तरीही. मी स्वतःलाच कधी नीट बघितलेलं नाही, ते घोषबाबूंना कसं दाखवू? एवढं सांगितलं असतं तर तुम्ही कदाचित हसला असतात, कदाचित नसतात. सांगितलं नाही.

आता ते सांगते.

तुम्ही आजारी पडलात त्याला सहा महिने झाले होते. अंग झिजलं होतं, बरगड्या दिसायला लागल्या होत्या. जुन्या सगळ्या पोत्यासारख्या झाल्या. डाव्या हातात डायलिसिससाठी शीर जोडून फिस्टुला केलेला, त्या हातावर दाब नको, तो पाठीमागे न्यायचा नाही. जन्मभर बायकांना स्वतःचं माप स्वतः घ्यायला शिकवलंत आणि तुम्हाला तुमचं घेता येईना. एका रविवारी दुपारी कॉटवर बसून तुम्ही ब्लाउजचे हुक काढायला लागलात आणि म्हणालात,

"सुमन, टेप घे. तूच घे आता माप."

मी म्हणाले, "मितालीदीला बोलावू का?"

"ती मुलाकडे गेलीये. आणि तुला येतं सगळं. सोळा वर्षं स्टुलावर बसून ऐकलंयस."

"असू द्या ना, ब्लाउजवरूनच घेते."

"ब्लाउजवरून!" तुम्ही हसलात. मग माझं तोंड बघितलंत आणि हसू थांबवलंत. काढलेले दोन हुक परत लावलेत. "बरं. ब्लाउजवरून घे."

तापलेलं पातेलं धरावं तसा मी टेप दोन बोटांनी धरला. तुमच्याकडे बघितलं नाही. खिडकीच्या गजावर एक कावळा बसला होता, त्याच्याकडे बघत होते. टेप मागे कुठे गेला, वर चढला का खाली आला, काही पाहिलं नाही. आकडा दिसला तो वाचला. "खाली तीस. वर पस्तीस."

"दोन वजा केलेस?"

"हो."

केले नव्हते, वन्सं.

मला फक्त ते संपवायचं होतं. तुम्ही "हुं" म्हणालात आणि मनात हिशेब करून सांगितलंत, "चौतीस ए. दोन आण." मितालीदीचं दुकान बंद, म्हणून मी आकडा चिठ्ठीवर लिहून त्या जुन्या दुकानात नेला, काउंटरवरच्या माणसापुढे सरकवला, तोंडाने बोलले नाही. वाटेत आठवलं. अगदी दुकानाच्या पायरीवर आठवलं की दोन वजा केले नाहीत. तेव्हा परत यायला हवं होतं. किंवा तिथेच चिठ्ठीवर आकडा बदलायला हवा होता. पण मला वाटलं, मग सांगावं लागेल की खोटं बोलले. आणि वाटलं, दोन इंचांनी काय होतं, आजारी माणसाला सैल बरं. अशी मनाची समजूत घातली. सैल काय करतं ते मला माझ्या खांद्यांवरून माहीत होतं.

तुम्ही ती घातलीत. मी विचारलं, "बसतेय ना नीट?"

"बसतेय."

तुम्ही! पडद्याआड एका बाईलाही खोटं बोलू दिलं नाहीत. "बसते म्हणू नका, हात वर करून दाखवा" म्हणणाऱ्या तुम्ही, मला म्हणालात, बसतेय.

मग डायलिसिसला जाताना रिक्षात तुम्ही उजवा हात पदराखाली छातीशी धरून बसायच्या. मला वाटायचं थंडी वाजते. मी शाल आणली. तुम्ही शाल घेतलीत, हात काढला नाहीत.

आणि एक दिवस, शेवटच्या महिन्यात, तुम्ही मला सुईत दोरा ओवून मागितला. तुम्हाला नाकं दिसत नव्हतं. मी विचारलं, "काय शिवायचंय? मी देते शिवून."

"काही नाही गं. साडीचा फॉल निघालाय. पांढरा ओव."

तुमची त्या दिवशीची साडी हिरवी होती. हिरव्या साडीच्या फॉलला पांढरा दोरा कशाला, हे मला सुचलं नाही. दमलेली होते. दोरा ओवला, गाठ मारली, सुई तुमच्या उशीला टोचून ठेवली आणि कुकर लावायला गेले.

हॉस्पिटलने तुमच्या अंगावरचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिले होते. ती पिशवी मी तेरावं होईपर्यंत उघडली नाही. कॉटखाली होती. तेजू म्हणाली होती, टाकून दे. परवा धुवायला म्हणून काढली. साडी, परकर, ब्लाउज, आणि ती. हातात घेतली तर पाठीमागची पट्टी जाड लागली. उलटी करून बघितली. हुकांच्या दोन्ही बाजूंना एक-एक चुणी घातलेली. टाके बारीक, पण वाकडेतिकडे, एका हाताने घातलेले. काही ठिकाणी सुई दोनदा त्याच भोकातून गेलेली. आतल्या बाजूला तिसऱ्या चुणीची खूण होती, उसवलेली. म्हणजे आधी चुकलं असेल, मग परत केलं असेल.

टेप आणला आणि चुण्या मोजल्या. एका बाजूला एक इंच. दुसऱ्या बाजूला एक इंच.

दोन.

मी स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी होते. अंदाजाने कोणी घातल्या असत्या तर दीड झाल्या असत्या, अडीच झाल्या असत्या. तुम्हाला कळलं होतं. पहिल्या दिवशी घातलीत तेव्हाच कळलं असणार की मी दोन वजा केले नाहीत आणि हो म्हणाले. आणि तुम्ही माझ्याचकडून दोरा ओवून घेतलात.

तेव्हापासून माझं तुमच्याशी भांडण चाललंय, वन्सं. तुम्ही मला सांगायला हवं होतं. मी लाजले असते, रडले असते, दोन दिवस तोंड दाखवलं नसतं, पण परत मोजलं असतं. परत मोजलं असतं का? ते मला माहीत नाही. कदाचित तुम्हाला माहीत होतं, म्हणूनच बोलला नाहीत. हेच मला सहन होत नाही.

काल दुपारी बेल वाजली. दारात मालतीकाकू. तीन जिने चढून घामाघूम, हातात मिठाईचा डबा.

"हुश्श! शालूला सांग, पुढच्या वेळी मी खालूनच हाक मारणार. तिचा फोन किती दिवस बंद आहे गं? माप घ्यायचे सहा महिने झाले, म्हटलं बोलावलं नाही तरी जावं."

तुम्हाला त्या शालूच म्हणायच्या. मी दारातून बाजूला झाले. काकूंनी माझ्या मागे भिंतीवर बघितलं. तुमच्या फोटोला हार होता. मिठाईचा डबा त्यांनी चपलांच्या फळीवर ठेवला आणि तिथेच उंबऱ्यात बसल्या. मी पाणी दिलं. त्यांनी ते प्यायलं नाही, पेला हातात धरून बसून राहिल्या.

मग म्हणाल्या, "मला एवढं स्पष्ट कोणी बोललं नव्हतं गं आयुष्यात. बाकीचे सगळे म्हणतात, छान दिसतेस."

चहा झाला. निघताना पर्स काखेत मारून त्या थांबल्या. "एवढ्या लांब आलेच आहे. टेप आहे ना घरात? तूच घे माप."

"मला नाही हो येत, काकू."

"शालू म्हणायची तुला सगळं येतं, फक्त तू करत नाहीस." त्या आत खोलीत जाऊन पदर काढायलाही लागल्या. "अगं, मी सदुसष्ट वर्षांची, मी लाजत नाहीये, तू कसली लाजतेस? पडदा ओढ. घोष का बोस कोण ते बसलेत चहा घेऊन."

मी पडदा ओढला. टेप काढला. काकूंचा ब्लाउज निघाला. तुमच्या हातची माणसं ओळखू यावीत तसे त्यांचे खांदे होते, साफ, वळ नसलेले. मी त्यांच्या मागे गेले आणि टेप कुठून जातो ते बघितलं. वर चढला होता, खाली आणला. आरशात दोन्ही बाजू सारख्या केल्या. "श्वास सोडा," म्हणाले. माझा आवाज मलाच नवीन वाटला. काकूंनी श्वास सोडला आणि मी टेप घट्ट केला. आकडा वाचला. मग वरचं माप, नुसतं टेकवून.

"खाली एकोणचाळीस," मी वहीत लिहायला वाकले.

"दोन वजा केलेस गं? शालू नेहमी विचारायची."

माझ्या हातून पेन्सिल पडली. मी जमिनीवर बसले आणि काकूंना सगळं सांगितलं. तशाच उघड्या खांद्यांनी त्या माझ्याजवळ कॉटच्या कडेला बसल्या, मी ती चुण्या घातलेली दाखवली. त्यांनी चष्मा चढवून टाके बघितले, नखाने चाचपून.

"मला म्हणाली असती, मालती, आंधळी आहेस का."

"मग मला का नाही म्हणाल्या?"

काकूंनी ती घडी घालून माझ्या मांडीवर ठेवली. "मला काय माहीत? तुमचं दोघींचं होतं ते," एवढंच म्हणाल्या. मग ब्लाउज घालता घालता, "सदतीस लिही. उगाच दोन इंच जास्त नको लावूस मला, आधीच काय कमी आहेत."

मी रडताना हसले. तुम्ही असतात तर तुम्हीही.

त्या गेल्यावर मी ती धुतली, चुण्या न उसवता. गॅलरीत दोरीवर घातली. टॉवेल हातात घेतला होता. परत आत नेऊन ठेवला. समोर घोषबाबू होते, पेपर वाचत होते. त्यांनी वर बघितलं नाही. तुमचं बरोबर होतं, तेवढं एक मान्य करते.

आज दुपारी घरात कोणी नव्हतं. दाराला कडी लावली, खिडकी लावली, पडदा ओढला, आणि तरीही कपाटाच्या आरशासमोर दहा मिनिटं पदर धरून उभी होते. मग ब्लाउज काढला. माझ्या दोन्ही खांद्यांवर पट्ट्यांच्या खाचा आहेत, वन्सं. बोट ठेवलं तर बोट बसतं. काळ्या पडल्या आहेत. सव्वीस वर्षांच्या. मला वाटत होतं वळ असतील. तुम्ही मला साडी नेसवताना, माझ्या आजारपणात पाठ चोळून देताना बघितल्या असतीलच. म्हणून म्हणत होता.

टेप पाठीमागून घेतला. दोनदा घसरला. तिसऱ्यांदा आरशात वळून बघितलं, सरळ होता. श्वास सोडला. तुम्ही माझ्या मागे उभ्या आहात असं काही वाटलं नाही. खोलीत मी एकटीच होते, पाठीला गार लागत होतं आणि खालून रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते. पण हात नीट चालले. सगळं पाठ होतं.

तुमच्या वहीत माझ्या नावाचं पान आहे, अगदी सुरुवातीचं. वर तुमच्या अक्षरात "सुमन". त्याखाली "खाली" आणि "वर". पुढे काही नाही. त्या पानाच्या मागची-पुढची सगळी पानं भरलेली आहेत, बंगाली बायका, आपल्या बायका, ती डायलिसिसची सिस्टरसुद्धा. हे एक पान तुम्ही रिकामं ठेवलंत, दुसऱ्या कोणाला दिलं नाहीत.

आज ते भरलं.

खाली बत्तीस. वर अडतीस. म्हणजे छत्तीस, बी. उद्या बाजारात जाईन. चिठ्ठी नेणार नाही असं ठरवलं आहे, पण तिथे गेल्यावर काय होईल ते सांगता येत नाही. अक्षर तुमच्यासारखं नाही, आकडे ओळीच्या खाली गेलेत.

पण दोन वजा केलेत, वन्सं.